मुंबई ते लंडन नेमकं किती लांब, आणि विमानाला दहा तास का लागतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्याचे आई-वडील साताऱ्याचे, पहिल्यांदाच मुंबईहून लंडनला मुलीकडे निघालेत. इंटरनेटवर मुंबई–लंडन अंतर कुठे ७,२०० दिसतं, कुठे ४,४८०, तर कुठे ३,८९०. विमानाचा वेग ताशी ९०० किमी म्हणतात, म्हणजे भागाकार केला तर आठ तास. तिकिटावर मात्र जाताना दहा तास आणि येताना नऊ. अंतर तेच, विमान तेच, मग तासाभराचा फरक कुठून आला?

मी फ्लाइट डिस्पॅचर होतो. विमानतळावर हे काम करणारा माणूस प्रवाशांना कधी दिसत नाही. बिनखिडकीच्या खोलीत बसून विमान कोणत्या वाटेने जाईल, किती उंचीवरून जाईल, इंधन किती भरायचं आणि लंडनला उतरता आलं नाही तर कुठे जायचं, हे ठरवायचं. पंचवीसहून जास्त वर्षं हेच केलं, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी तीन आकड्यांचं कोडं. तिन्ही बरोबर आहेत. ७,२०० किलोमीटर, ४,४८० साधे मैल आणि ३,८९० सागरी मैल हे एकच अंतर आहे. सागरी मैल १,८५२ मीटरचा, आणि आम्ही लोक त्यातच मोजतो. साइटवाले एकक बारीक अक्षरात लिहितात, म्हणून गोंधळ.

हे ७,२०० म्हणजे पृथ्वीच्या गोलावरचं दोन विमानतळांमधलं सर्वात कमी अंतर. घरात पृथ्वीगोल असेल तर मुंबईवर दोऱ्याचं एक टोक धरा, दुसरं लंडनवर, आणि ताणा. दोरा कुठून जातो ते बघण्यासारखं आहे. मुंबईहून तो वायव्येला निघतो, कच्छमध्ये भुजच्या जवळून जातो, पाकिस्तानातलं बलुचिस्तान ओलांडून इराणमध्ये शिरतो, कॅस्पियन समुद्राचं दक्षिण टोक कापतो. बरोबर अर्धी वाट होते ती जॉर्जियाची राजधानी तिबिलिसीच्या आसपास. पुढे रशियाचा दक्षिण कोपरा, क्रिमिया, युक्रेन, पोलंड, जर्मनी आणि लंडन. गंमत अशी की हा दोरा मुंबईतून वायव्येला निघतो आणि लंडनला पोचतो तेव्हा त्याचं तोंड बरोबर पश्चिमेला असतं. मधे कुठेही वळण नाही, तरी दिशा बदलली. गोलावर सरळ चालणं असंच असतं.

आता भिंतीवरचा सपाट नकाशा घ्या, शाळेतला, मर्केटर पद्धतीचा. त्यावर पट्टी ठेवून मुंबई–लंडन रेघ मारा. ती अगदी वेगळ्या मुलखातून जाईल: होर्मुझची सामुद्रधुनी, बगदाद, तुर्कस्तानातलं अदाना आणि पुढे बाल्कन देश. गोलाच्या हिशोबाने ही वाट ‘चुकीची’, लांबची. पण किती लांबची? ७,४०० किमी. म्हणजे जेमतेम दोनशे किलोमीटरांचा, विमानाच्या भाषेत पंधरा मिनिटांहून कमी फरक. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

कारण दोऱ्याच्या वाटेने आज कुणीच जाऊ शकत नाही. १७ जुलै २०१४ला पूर्व युक्रेनवर मलेशियाचं प्रवासी विमान क्षेपणास्त्राने पाडलं गेलं आणि २९८ माणसं गेली. तेव्हापासून त्या भागाकडे बघण्याची आमच्या धंद्यातली नजर बदलली. २४ फेब्रुवारी २०२२ला युद्ध पेटलं तसं अख्ख्या युक्रेनचं आकाश नागरी विमानांना बंद झालं. ब्रिटिश कंपन्यांना रशियाचंही आकाश बंद. आणि आपल्याकडे, २४ एप्रिल २०२५ला पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी आपली हवाई हद्द बंद केली, मग महिन्यामहिन्याने ती मुदत वाढत गेली. २०१९मध्येही फेब्रुवारीच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत हेच झालं होतं, तेव्हा मी नोकरीत होतो. त्या काही महिन्यांत आमच्या खोलीतला चहाचा खप दुप्पट झाला असावा.

एवढं सगळं बंद होऊनही मुंबई–लंडन प्रवाशाला फार झळ का बसली नाही? कारण मुंबई किनाऱ्यावर आहे. विमान उडालं की सरळ अरबी समुद्रावरून ओमानकडे जायचं. मी मुंबई–मस्कत आणि मस्कत–लंडन अशी दोन सरळ अंतरं मिळवून पाहिली: सुमारे १,५९० अधिक ५,८३०, म्हणजे ७,४२०. दोऱ्याच्या अंतरापेक्षा दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर जास्त, बस्स. मस्कतच्या पुढे कोणता देश खुला आणि कोणता बंद, त्याप्रमाणे अजून थोडं वाकडं जावं लागतं, म्हणून प्रत्यक्ष उड्डाण साडेसात हजारांच्या आसपास पडतं. म्हणजे भिंतीवरच्या नकाशावरची ती ‘चुकीची’ रेघच आज खऱ्या वाटेच्या जास्त जवळ आहे. भूगोलाच्या मास्तरांना सांगू नका.

दिल्लीकरांचे हाल वेगळे. दोऱ्याने मोजलं तर दिल्ली–लंडन ६,७३० किमी, मुंबईपेक्षा पावणेपाचशे किलोमीटरने कमी. पण पाकिस्तान बंद असताना दिल्लीच्या भारतीय विमानाला आधी खाली गुजरातकडे यावं लागतं, मग समुद्रावरून पश्चिमेला. मस्कतमार्गे धरलं तर हजारावर किलोमीटर वाढतात आणि जवळची दिल्ली लांबची होते. दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना तर व्हिएन्नासारख्या ठिकाणी इंधनासाठी उतरावं लागलं. दोन शहरांमधलं अंतर कायमचं ठरलेलं असतं असं मानणाऱ्यांनी त्या दिवसांत आमच्या खोलीत येऊन बघायला हवं होतं.

आणि कधी कधी वाट उड्डाणानंतर बंद होते. १३ जून २०२५ला इस्रायल–इराण संघर्ष भडकला तेव्हा मुंबईहून लंडनला निघालेलं एक विमान सुमारे तीन तास हवेत राहून पुन्हा मुंबईतच उतरलं. प्रवासी वैतागले असणार, साहजिक आहे. पण डिस्पॅचरच्या दृष्टीने तो दिवस चांगला गेला म्हणायचा, कारण सगळे घरी पोचले.

आता वाऱ्याकडे येऊ. तुमच्या तासाभराच्या फरकाचा खरा मालक तोच आहे.

जमिनीपासून दहा-बारा किलोमीटर उंचीवर, साधारण उत्तर भारत, इराण, तुर्कस्तान या पट्ट्यावर, हिवाळ्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याची एक नदी वाहते. तिला जेट स्ट्रीम म्हणतात. डिसेंबर ते फेब्रुवारी ती जोरात असते, ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर हा वेग तिथे नवलाचा नाही. उन्हाळ्यात ती उत्तरेला सरकते आणि मऊ होते. पश्चिमेला जाणारं विमान या नदीत उलटं पोहतं, पूर्वेला येणारं प्रवाहाबरोबर.

विमानाचा वेग ताशी ९०० म्हणतात तो हवेच्या संदर्भात. आजची मोठी विमानं आवाजाच्या वेगाच्या ०.८५ पटीने उडतात. त्या उंचीवर बाहेर उणे ५५ अंशांच्या आसपास थंडी असते, तिथे आवाजाचा वेग ताशी १,०६० किमी पडतो, त्यातून हे ९०० आले. पण हवाच जर समोरून ताशी ६०ने वाहत येत असेल तर जमिनीवर तुमची प्रगती ८४०ची. साडेसात हजार भागिले ८४० म्हणजे आठ तास छप्पन मिनिटं. परत येताना तोच वारा पाठीवर घेतला तर ९६०, म्हणजे सात तास एकोणपन्नास मिनिटं. झाला की नाही तासाभराचा फरक? आणि ६० हा मी मुद्दाम बेताचा आकडा धरला. वारा तिरका असतो, सगळ्या वाटेवर सारखा नसतो, त्याचा समोरून येणारा हिस्साच मोजायचा. जानेवारीच्या एखाद्या रात्री सरासरी शंभरावर गेली की जाणं-येणं दोन तासांनी वेगळं पडतं.

एक बारकावा सांगतो, याला नवे पायलटसुद्धा आधी चकतात. जाताना वाऱ्याने खाल्लेला वेळ येताना पूर्ण परत मिळत नाही. ताशी १०० किमी वारा धरा: जाताना ८००च्या वेगाने नऊ तास बावीस मिनिटं, येताना १,०००ने साडेसात तास. दोन्ही मिळून सोळा तास बावन्न. वारा नसता तर सोळा तास चाळीस. बारा मिनिटं वाऱ्याच्या खिशात गेली, कारण उलट्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ राहता आणि पाठच्या वाऱ्यात कमी.

म्हणून डिस्पॅचर सगळ्यात कमी अंतराची वाट शोधत नाही. सगळ्यात कमी खर्चाची शोधतो. कधी दीडशे किलोमीटर वळसा घालून वाऱ्याची नदी चुकवली तर पंधरा मिनिटं वाचतात. कधी वाऱ्यात वेळ वाचतो, पण त्या देशाच्या आकाशातून जाण्याची फी जास्त असते. बोइंग ७८७ ताशी पाच-साडेपाच टन इंधन पितं. वीस मिनिटं वाढली तर पावणेदोन टन जास्त लागणार, आणि ते वाहून न्यायलाही थोडं इंधन जळतं. या हिशोबामुळे कालचं आणि आजचं विमान एकाच नंबरचं असून वेगळ्या वाटेने जाऊ शकतं. तुमच्या मोबाइलवर विमानाचा माग दाखवणाऱ्या नकाशात रेघ वाकडी दिसली तर पायलट चुकला असं समजू नका.

आता पावणेनऊ-नऊ तासांचे दहा कसे होतात? तिकिटावरची वेळ ही हवेतली वेळ नसते. विमानाच्या चाकांना अडकवलेले ठोकळे, आमच्या भाषेत चोक्स, मुंबईत काढले तिथपासून ते लंडनला पुन्हा लावले तिथपर्यंतची ती वेळ. त्यात पुशबॅक, म्हणजे विमान जागेवरून मागे ढकलणं, आला आणि धावपट्टीपर्यंतची रांग आली. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते, आणि संध्याकाळी तिच्यापुढे रांग लागते. वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. चढताना आणि उतरताना विमान ९००ने जात नाही, तिथे दहा-पंधरा मिनिटं. लंडनच्या हीथ्रोला धावपट्ट्या दोनच, पण गर्दी जगातल्या सर्वात मोठ्या गर्दींपैकी. तिथे पोचलं की लगेच उतरायला मिळेल याची खात्री नसते. शहराच्या चार कोपऱ्यांना चार ठिकाणी विमानं घिरट्या घालत एकावर एक थांबवतात: बोव्हिंग्डन, लँबोर्न, ऑकम आणि बिगिन. पूर्वेकडून येणाऱ्या आपल्या विमानाच्या वाट्याला बहुधा लँबोर्न किंवा बिगिन. खिडकीतून तीच शेतं दुसऱ्यांदा दिसली तर घाबरू नका, रांगेत आहात. पाच मिनिटंही लागतात, वीसही. शिवाय रात्री साडेअकरा ते पहाटे सहा या वेळेत तिथे मोजक्याच विमानांना परवानगी, म्हणून पहाटेचं विमान फार लवकर पोचूनही उपयोग नसतो.

आणि राहिला तो कंपनीचा शहाणपणा. वेळापत्रकापेक्षा पंधरा मिनिटांच्या आत पोचलं तर विमान ‘वेळेवर’ धरतात. मग वेळापत्रकच थोडं सैल ठेवलं की सगळेच वक्तशीर! विमान वीस मिनिटं आधी उतरलं आणि वैमानिकाने अभिमानाने घोषणा केली, की मला हसू येतं. यात फसवणूक काही नाही, पण भागाकार करून वेळ काढणाऱ्याला हे माहीत हवं.

आखातातून बदलून जाणाऱ्यांसाठी एक ओळ, कारण तोही प्रश्न त्यातच दडलेला असतो. मुंबई–दुबई सुमारे १,९३० किमी, दुबई–लंडन साडेपाच हजारांच्या आसपास. बेरीज ७,४००च्या घरात. म्हणजे अंतर जवळजवळ काहीच वाढत नाही, दुबई वाटेवरच आहे. वाढतो तो वेळ: दोनदा चढणं-उतरणं, दोनदा विमानाचं धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, आणि मधला मुक्काम. वयस्कर माणसांना मी थेट विमानच सुचवतो, चार पैसे जास्त गेले तरी. गुडघे बोलतात तेव्हा किलोमीटर मोजत नाहीत.

तुलनेसाठी थोडा इतिहास. एअर इंडियाचं पहिलं मुंबई–लंडन विमान ८ जून १९४८ला निघालं, कैरो आणि जिनिव्हाला थांबत १० जूनला पोचलं. विमान पंख्याचं, लॉकहीड कॉन्स्टेलेशन, नाव ‘मलबार प्रिन्सेस’. १९६०मध्ये बोइंग ७०७ आलं आणि वेग एकदम आजच्या जवळ गेला. त्यानंतर साठ-पासष्ट वर्षांत वेग वाढलेला नाही म्हटलं तरी चालेल. कमी झाले ते थांबे.

आता घड्याळ. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत येतात. मधल्या काळात फरक साडेचार तासांचा. हिवाळ्यात दुपारी दोनला मुंबई सोडली आणि दहा तास लागले तर लंडनच्या घड्याळात संध्याकाळचे साडेसहा. परतीला रात्री नऊला निघून नऊ तास लागले तर दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला मुंबई. तिकिटावर दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या असतात, हे आईला एकदा कागदावर काढून दाखवा. नाहीतर ‘साडेचार तासांत लंडन’ अशी बातमी साताऱ्यात पसरेल.

इथे मी स्वतः तोंडावर पडलोय. मोबाइल घरोघरी नव्हते तेव्हाची गोष्ट. माझी आत्या मार्चच्या शेवटच्या रविवारी दुपारी दीडला मुंबईहून निघाली. आतेभावाला फोनवर मी ऐटीत सांगितलं, दहा तास, साडेपाच वजा, सहाला ये. डिस्पॅचमध्ये आम्ही सगळं काम ग्रीनिच वेळेत करतो, तिथे उन्हाळी वेळ नावाचा प्रकारच नसतो. त्या दिवशी पहाटेच लंडनची घड्याळं पुढे गेली होती, आणि विमान उतरलं सातला. भाऊ एक तास फुकट उभा. पुढची कित्येक वर्षं प्रत्येक लग्नात त्याने हा किस्सा सांगितला.

तुमच्या आई-वडिलांसाठी सरळ हिशोब असा. अंतराचा आकडा विसरा. तिकिटावरची वेळ धरा आणि निघायच्या आदल्या दिवशी कंपनीच्या साइटवर ती पुन्हा बघा, कारण एखादं आकाश बंद झालं की तीच वेळ आधी बदलते. साताऱ्याहून मुंबई विमानतळ अडीचशे किलोमीटरच्या आसपास, घाट आणि शहर धरून पाच-सहा तास, वर विमानतळावर तीन तास आधी पोचणं. म्हणजे विमानात बसण्यापूर्वीच आठ-नऊ तास गेले. दुपारचं विमान असेल तर आदल्या रात्री मुंबईत कुणा नातेवाइकाकडे मुक्काम करा. जाताना विमान वायव्येला, पश्चिमेला जातं, त्यामुळे दुपारचं ऊन डाव्या खिडक्यांवर. वडिलांना झोप हवी असेल तर उजवीकडची जागा घ्या.

आणि मुलीला सांगा, विमान उतरलं म्हणजे आई-वडील बाहेर आले असं नाही. भारतीय पासपोर्टला तिथली स्वयंचलित फाटकं चालत नाहीत, अधिकाऱ्यासमोर रांगेतच उभं राहावं लागतं, मग सामान. तास-दीड तास धरायचा. ती लंडनमध्येच राहत असेल, तर फोनवर विमान ‘लँडेड’ दाखवायला लागल्यावर घरून निघाली तरी बहुतेक वेळेत पोचेल.